धरणातील गाळ आणि शहराचे पाणी : कृष्णराजसागर धरणाचे उदाहरण

धरण 'पूर्ण भरले' अशी बातमी आपण दरवर्षी वाचतो. मात्र पातळी पूर्ण असली तरी पाणी पूर्वीइतकेच असेल असे नाही. गाळ साचला की पाण्याची जागा कमी होते. हे कसे घडते आणि त्यावर कोणते उपाय आहेत, हे म्हैसूरजवळच्या धरणाच्या उदाहरणावरून समजून घेऊया.

धरणाची ओळख

कावेरी नदीवरील कृष्णराजसागर (कन्नंबाडी) धरणाचे काम सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने 1911 मध्ये सुरू झाले. धरणाची पूर्ण पातळी 124.80 फूट असून नोंदीनुसार साठवण क्षमता 49.45 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. मंड्या भागातील शेती तसेच म्हैसूर व बेंगळुरूचे पिण्याचे पाणी या साठ्यावर अवलंबून आहे.

गाळ कोठून येतो?

जलाशयात कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ या नद्यांचे पाणी येते. जंगलतोड, उतारावरील बांधकाम आणि दरडींमुळे सुटी झालेली माती पावसात नदीत उतरते. कोडगू जिल्ह्यात ऑगस्ट 2018 मध्ये अशा अनेक दरडी कोसळल्या होत्या. काही गाळ वरच्या हारंगी व हेमावती धरणांत अडतो, उरलेला पुढे येतो.

गाळ केवळ तळाच्या मृतसाठ्यात बसतो, हा गैरसमज आहे. जाड वाळू व माती जलाशयाच्या वरच्या टोकालाच साचते आणि वापरायच्या पाण्याची जागा घेते.

एक टक्का म्हणजे किती?

- 49.45 टीएमसीचा 1 टक्का म्हणजे सुमारे 1,400 कोटी लिटर.
- माणशी रोज 135 लिटर धरल्यास 10 लाख लोकांना हे पाणी सुमारे 100 दिवस पुरते.
- तेवढा गाळ काढायचा तर 10 घनमीटरच्या टिपरच्या सुमारे 14 लाख खेपा लागतील.

कर्नाटकातीलच तुंगभद्रा धरणाची क्षमता सुरुवातीला सुमारे 133 टीएमसी होती. 2016 च्या पाहणीत ती सुमारे 105.8 टीएमसी आढळली.

उपाय व योजना

- *मोठी धरणे :* गाळ उपसणे फार खर्चिक असते. म्हणून पाणलोट क्षेत्रातच माती अडवणे हा मुख्य उपाय आहे. प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेच्या पाणलोट विकास घटकातून बांधबंदिस्ती, नाला उपचार, वृक्षलागवड अशी कामे होतात.
- *लहान तलाव :* येथे उपसा परवडतो. महाराष्ट्रात 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. 2023 च्या शासन निर्णयानुसार अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना गाळ वाहून पसरवण्यासाठी प्रति घनमीटर 35.75 रुपये, एकरी 15,000 रुपयांपर्यंत आणि कमाल अडीच एकरांसाठी 37,500 रुपये अनुदान ठरले. वाळू काढण्यास मनाई आहे. आपल्या ग्रामपंचायतीत चौकशी करावी. ही योजना महाराष्ट्रापुरती आहे.
- *धरण सुरक्षा कायदा, 2021 :* मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करणे धरणाच्या मालकावर बंधनकारक आहे.

आपण काय विचारावे?

साठ्याची टक्केवारी वाचताना ती कोणत्या वर्षी मोजलेल्या क्षमतेवर काढली आहे, हे पाहावे. माहिती नसल्यास जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकारात शेवटच्या गाळ सर्वेक्षणाचे वर्ष आणि निष्कर्ष मागता येतात. जुन्या क्षमतेवर काढलेले 100 टक्के हे आजचे 100 टक्के असतीलच असे नाही, आणि उन्हाळ्यातील पाणीकपात ठरते ती प्रत्यक्ष शिल्लक पाण्यावर.