गाणं वाजतंय, प्रोसेसर डुलक्या घेतोय

मी शाळेत होतो तेव्हा बाबा शारजाहून अबुधाबीला बसने कामाला जायचे. बर दुबईतल्या अल फहिदी स्ट्रीटवर घासाघीस करून त्यांनी एक एमपी-थ्री प्लेअर घेतला, केवळ अभंगांसाठी. जाताना विठ्ठल सोबत असायचा, पण परतीच्या वाटेवर बॅटरी मान टाकायची! "अर्धीच वारी होते रे," असं बाबा म्हणायचे. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकताना त्याचं कारण कळलं.

एमपी-थ्री गाण्याचा एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा असतो. प्रोसेसरने तो ५ मिलिसेकंदांत उलगडला काय किंवा २० मध्ये काय, कानाला फरक कळत नाही. मग धावायचं कशाला? पण गंमत बघा, नुसतं हळू चालून ऊर्जा फारशी वाचत नाही, कारण काम तेवढंच असतं. वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येतं, आणि खरी बचत तिथे होते. व्होल्टेज निम्मं झालं की त्याच कामाला लागणारी ऊर्जा पाव होते.

१९९४ साली झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत मार्क वेझर आणि सहकाऱ्यांनी हे गणित मांडलं: काम बघून वेग ठरवा. वेझर १९९९ मध्ये अवघ्या ४६व्या वर्षी गेले. पुढच्याच जानेवारीत इंटेलचं स्पीडस्टेप आणि ट्रान्समेटाचा क्रूसो एकापाठोपाठ जाहीर झाले. स्पीडस्टेपचा ६०० मेगाहर्ट्झचा लॅपटॉप बॅटरीवर ५०० वर यायचा आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर. वेग घटला १७ टक्के, पण हिशेबाने वीज कमी झाली ४० टक्क्यांच्या आसपास! क्रूसो तर चालू कामातच वेग बदलत राहायचा, पण बिचारी ती कंपनी टिकली नाही. २००४ मध्ये लिनक्समध्ये 'ऑनडिमांड' ही सोय आली. ती लिहिणाऱ्यांत आपले वेंकटेश पल्लीपाडी होते.

२००१ च्या आयपॉडने वेगळीच शक्कल लढवली. गाणी ३२ एमबी मेमरीत आधीच भरून घ्यायची आणि डिस्क बंद ठेवायची. त्यातून १० तास मिळाले. बाबांच्या खिशाला तो परवडणारा नव्हता, असो.

व्हिडिओचं प्रकरण जड. एच.२६४, एचईव्हीसी, मग २०१८ चं एव्ही-वन, अशी प्रत्येक नवी पद्धत फाइल लहान करते आणि उलगडण्याचं काम वाढवते. म्हणून आता चिपमध्ये त्यासाठी वेगळा भागच असतो. तो फक्त तेवढंच करतो, पण मुख्य प्रोसेसरच्या मानाने फार कमी विजेत. हा भाग नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर मात्र सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

मागच्या दिवाळीत आई इथे आली होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर नाटक लावलं तर पंखा असा घोंघावला की ती म्हणाली, "अरे, विमान उडतंय का?" मी एव्ही-वन बंद करून एच.२६४ लावलं. दुसऱ्या अंकापर्यंत पंखा गप्प झाला होता, आणि चार्जर शोधायला कोणालाच उठावं लागलं नाही.