जमीन आपली, शिकार कुणाची? मालकाची परवानगी आणि वन्यजीव कायदा

भात पोटरीला आले की सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतील शेतकऱ्यांची झोप उडते. रात्रीतून रानडुकरांचा कळप शेतात उतरतो आणि सकाळी उभे पीक आडवे झालेले दिसते. कुळागरात गवा रेडा शिरतो, माडावरचे नारळ खेती आणि शेकरू फोडतात. अशा वेळी गावात एक तोडगा हमखास सुचवला जातो. ज्याच्याकडे बंदूक आहे त्याला बोलवायचे, जमीनमालकाने ‘मार, माझी हरकत नाही’ एवढे म्हणायचे, की काम झाले. जमीन खासगी, मालक राजी, मग वनखात्याचा संबंध काय, असा यामागचा तर्क असतो.

कायद्यापुढे हा तर्क टिकत नाही. भारतात वन्यप्राण्याची शिकार करण्याची परवानगी देण्याचा अधिकार जमीनमालकाला नाही. त्याची संमती तोंडी असो वा लेखी, तिने शिकार वैध ठरत नाही. उलट ती संमती देणारा मालक स्वतःच आरोपी होऊ शकतो. हा समज कोठून आला, कायदा नेमके काय सांगतो आणि पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्यापुढे कोणते मार्ग उरतात, याचा हा आढावा.

समजाचे मूळ

मालकाच्या परवानगीची कल्पना निराधार नाही, ती कालबाह्य आहे. गोव्यात दीर्घकाळ लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत शिकारीविषयी तरतुदी होत्या. रानटी प्राणी कोणाच्याही मालकीचा नसतो, जो त्याला पकडतो त्याचा तो होतो, हे त्यांमागचे तत्त्व. जखमी जनावर कुणाच्या बंदिस्त जमिनीत शिरले तर मालकाच्या परवानगीवाचून शिकाऱ्याने आत जाऊ नये, असाही दंडक त्यात होता.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ साली आला, तेव्हाही शिकारीवर आजच्यासारखी सरसकट बंदी नव्हती. ठरावीक प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने मिळत. त्या परवान्यांवर अनेक अटी होत्या. सरकारी मालकीची नसलेल्या जमिनीवर मालकाच्या, त्याच्या प्रतिनिधीच्या किंवा कायदेशीर वहिवाटदाराच्या संमतीशिवाय शिकार करू नये, ही त्यांपैकी एक. म्हणजे संमती ही परवान्याला जोडलेली अट होती. परवान्याची जागा ती तेव्हाही घेत नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना पद्धतच रद्द झाली आणि तिच्याबरोबर ही अटही गेली. लोकांच्या स्मरणात मात्र अट राहिली आणि परवाना विसरला गेला.

जमीन मालकाची, प्राणी सरकारचा

इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो आणि मालक तो भाड्यानेही देऊ शकतो. भारतात तशी व्यवस्था नाही. कायद्याच्या कलम ९ नुसार पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतील कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. ही मनाई जंगलापुरती नाही. वनजमीन, कोमुनिदादची जमीन, कुळाच्या ताब्यातील शेत, खासगी काजू बागायत किंवा घरामागचे परसू, सर्वत्र ती सारखीच लागू होते.

कलम ३९ याहून पुढे जाते. बेकायदा शिकार झालेला, मृतावस्थेत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. त्याचे मांस, कातडे, शिंगे, दातही सरकारचेच. असा प्राणी किंवा त्याचा भाग ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत नजीकच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. आपल्या शेतात मरून पडलेले रानडुकर ‘आपले’ समजून त्याचे वाटे घालणे हाही त्यामुळे गुन्हा होतो.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची रचना बदलली. हे बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गोव्याचा राज्यप्राणी असलेला गवा, तसेच वाघ, बिबट्या, खवले मांजर, मोर आणि घोरपड हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात आहेत. रानडुकर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते, आता ते दुसरीत आहे.

‘शिकार’ म्हणजे केवळ गोळी नव्हे

कायद्यातील व्याख्या बोलीतील अर्थापेक्षा बरीच व्यापक आहे. प्राण्याला ठार मारणे किंवा विष घालणे, पकडणे, फास वा सापळा लावणे, हाका घालून पिटाळणे, आमिष दाखवणे, जखमी करणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीत मोडते. पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणेही त्यात येते. जनावर हाती लागले नाही म्हणून गुन्हा घडला नाही, असे म्हणता येत नाही.

फासाचा मुद्दा गोव्यात विशेष महत्त्वाचा. रानडुकरासाठी कुंपणाला बांधलेली तार कोण येणार आहे हे ओळखत नाही. अशा फासात बिबटे अडकल्याच्या घटना राज्यात वारंवार घडल्या आहेत. फास डुकरासाठी होता, हा खुलासा बचाव ठरत नाही, कारण डुकरासाठी फास लावणे हाच मुळात गुन्हा आहे. त्यात बिबट्या सापडला की प्रकरण पहिल्या अनुसूचीत जाते आणि शिक्षेचे स्वरूप बदलते.

संमती देणाऱ्याची जबाबदारी

कलम ५२ नुसार गुन्ह्याचा प्रयत्न करणारा आणि गुन्ह्याला साहाय्य वा चिथावणी देणारा, दोघेही गुन्हा करणाऱ्याच्याच पंक्तीत बसतात. शिकाऱ्यांना फाटक उघडून देणारा, जनावरांची वाट दाखवणारा किंवा ‘माझ्या बागायतीत मारा’ असे सांगणारा मालक या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. संमतीच्या बदल्यात त्याने मांसाचा वाटा घेतला असेल, तर तो वाटाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. वन्यप्राण्याचे मांस ताब्यात सापडले, तर ते वैध मार्गाने आल्याचे सिद्ध करण्याचा भार कलम ५७ नुसार आरोपीवर पडतो.

सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल, अथवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो. हत्यार व वाहन जप्त होऊ शकते. दोषी ठरलेल्याचा शस्त्र परवाना न्यायालय रद्द करू शकते आणि पुढील पाच वर्षे त्याला नवा परवाना मिळत नाही.

मालकाने संमती दिली नसेल, तर कायदा त्याच्या बाजूने आहे. गुन्हा करण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीत शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार फौजदारी अतिक्रमणाचा गुन्हा आहे. रात्री आपल्या बागायतीत अनोळखी बॅटऱ्या फिरताना दिसल्या, तर एकट्याने सामोरे न जाता ११२ क्रमांकावर आणि वनखात्याला कळवावे. अंधारात हालचाल दिसली म्हणून झाडलेली गोळी माणसाला लागल्याचे प्रकार शिकारीत घडत आले आहेत.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे

ग्रामीण गोव्यात अनेक घरांत शेतीच्या राखणीसाठी घेतलेल्या बंदुका आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. पण हा परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे. त्याने जनावर मारण्याचा अधिकार मिळत नाही. तो अधिकार वन्यजीव कायद्याखालील स्वतंत्र आदेशानेच मिळतो.

अभयारण्यालगतच्या रहिवाशांसाठी नियम अधिक कडक आहेत. कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या परवानाधारकाला आपल्या शस्त्राची नोंदणी करावी लागते. या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. गोव्यात सहा अभयारण्ये व एक राष्ट्रीय उद्यान आहे: म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, मोलेचे भगवान महावीर अभयारण्य व उद्यान आणि चोडणचे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य. चोडणचे अभयारण्य अवघे १.८ चौरस किलोमीटरचे, पण नियम अभयारण्याचा आकार पाहत नाही. त्यामुळे पणजी शहरही त्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात येते.

अभयारण्याच्या हद्दीत काही गावे आणि खासगी जमिनीही आहेत. अधिसूचना निघाली म्हणून तेथील मालकी आपोआप संपत नाही. मालकाला आपल्या जमिनीत ये-जा करता येते. मात्र परवानगीवाचून हत्यार घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही, आणि स्वतःच्या मालकीच्या त्या शेतात डुकर मारले तरी ती अभयारण्यातील शिकारच ठरते.

परवानगी देतो कोण?

ती देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना, आणि दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यालाही आहे. कलम ११ मध्ये त्याचे दोन स्तर आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल, तरच आदेश निघतो. त्यातही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही याची खात्री व्हावी लागते. पिकाचे नुकसान हे कारण येथे चालत नाही. म्हणूनच गव्याने कितीही नासधूस केली तरी त्यासाठी त्याला मारण्याचा आदेश मिळू शकत नाही.

दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याबाबत मात्र मालमत्तेचे नुकसान हे कारण मान्य आहे, आणि त्यात उभ्या पिकांचा स्पष्ट उल्लेख आहे. रानडुकर या गटात येते. आदेश लेखी व सकारण असावा लागतो आणि तो ठरावीक क्षेत्रापुरता असतो. अशा आदेशानुसार मारलेला प्राणीही सरकारचीच मालमत्ता राहतो. केरळने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुकरांबाबत हे अधिकार देऊन ही प्रक्रिया गावाच्या जवळ आणली. शेतकऱ्याने मागावा असा कायद्यातला मार्ग हाच आहे.

दुसरा मार्ग कलम ६२ चा. दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला ठरावीक क्षेत्रात व ठरावीक मुदतीसाठी केंद्र सरकार ‘उपद्रवी’ घोषित करू शकते. उत्तराखंडच्या काही भागांत २०१६ मध्ये रानडुकरांबाबत असे झाले होते. त्याच वर्षी गोव्यात मोरालाही या यादीत घालण्याचा विचार बोलून दाखवला गेला आणि त्यावर टीका झाली. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला हे कलम लागूच होत नाही.

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्भावनेने प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा नाही. ही सवलत जिवापुरती आहे, पिकापुरती नाही. बेकायदा शिकार करताना जनावर उलटले, तर तीही मिळत नाही.

शेतकऱ्याने काय करावे

नुकसान झाल्याबरोबर शेताची छायाचित्रे घ्यावीत, पावलांचे ठसे पुसू नयेत आणि वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात व विभागीय कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचा दावा उभा राहत नाही. तोच कळप पुन्हा पुन्हा येत असेल, तर भरपाईबरोबर कलम ११ खालील कारवाईचीही लेखी मागणी करावी. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून, पंचायतीच्या ठरावासह अर्ज केल्यास क्षेत्र निश्चित करणे सोपे जाते.

कृषी संचालनालय सौर कुंपणासाठी अनुदान देते. सौर कुंपणातील यंत्र सेकंदाला साधारण एक, तोही क्षणमात्र, झटका देते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. विजेच्या खांबावरून किंवा घरातून थेट जोडलेल्या तारेत प्रवाह अखंड वाहतो. पहाटे त्या तारेवर कुणाचा पाय पडेल याचा नेम नसतो. वीजचोरी, वन्यप्राण्याची शिकार आणि माणूस दगावल्यास सदोष मनुष्यवध असे तिन्ही गुन्हे त्या एका तारेतून उभे राहतात.

उपाय वेळेवर न मिळाल्यास काय होते, हे जानेवारी २०२० मध्ये राज्याने पाहिले आहे. म्हादई अभयारण्यातील गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. त्याआधी गुरे मारली गेल्याची पार्श्वभूमी त्या प्रकरणाला होती आणि त्यात एकाच कुटुंबातील माणसांना अटक झाली. गुरे गेली, वाघ गेले आणि कुटुंब कोर्टकचेऱ्यांत अडकले.

जमीनमालकाच्या हाती शिकारीला होकार देण्याचा अधिकार नाही, नकार देण्याचा आहे. आपल्या बागायतीत कुणी बंदूक घेऊन आला तर त्याला फाटकावरच थांबवणे आणि आपल्या नुकसानीसाठी सरकारी कार्यालयाचे दार ठोठावत राहणे, हे दोन्ही त्याला कायद्याच्या बळावर करता येते. त्या दारातून उत्तर किती लवकर येते, यावर गावातल्या बंदुका खुंटीवर राहणार की खांद्यावर येणार, हे बरेचसे अवलंबून आहे.