आइन्स्टाइन शांततावादी होता का?

उत्तर देण्याआधी साल विचारा. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात आइन्स्टाइन म्हणाला होता की, दोन टक्के लोकांनी जरी लष्करी सेवा नाकारली तरी सरकारं हतबल होतील. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी त्याने लिहिलं, मी बेल्जियन असतो तर सैन्यात गेलो असतो. शांततावादी मंडळी भडकली; त्यांना हा दगाच वाटला.

पण बेल्जियमच का, ते बघा. हा देश तटस्थ होता, तरी १९१४ मध्ये जर्मन सैन्य त्यात घुसलंच. आइन्स्टाइनचं युद्धाविषयीचं मत बदललं नव्हतं. नकाराची किंमत कोण मोजणार, हे बदललं होतं.

तेव्हा एखाद्याला दुटप्पी ठरवण्याआधी त्याच्या विधानाची तारीख शोधा.