सोडणाऱ्यांचं मंडळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या खासगी बाजारात, काकांची दारू हा घरातल्या घरात बोलायचा विषय होता. खासगी म्हणजे राजघराण्याच्या स्वतःच्या खर्चाचं खातं. संस्थानी काळातला हा शब्द वस्तीच्या नावात राहिला आणि घरांच्या स्वभावातही. काकांनी दारू तीनदा सोडली. एकदा गंगाजल हातात घेऊन, एकदा लेकाच्या डोक्यावर हात ठेवून, एकदा आजीच्या तेराव्याला. तिन्ही वेळा ते मनापासून रडले होते, मी पाहिलंय. आणि तिन्ही वेळा शपथ मोडली ती संध्याकाळी सात-साडेसातला, एकटे असताना.

ते एकटेपण मला अजून सलतं. आपल्याकडे पिणाऱ्याला सोबत मिळते. सोडणाऱ्याला ती कधीपासून मिळू लागली?

सगळ्यात जुनी खूण मला वारकऱ्याच्या गळ्यात दिसते. तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटलं. ही शपथ चारचौघांत घेतलेली असते. नंतर एकादशीला भजनाला तीच माणसं, आषाढीला दिंडीत तीच माणसं. माळ दिसते, म्हणून आग्रह करणाराही थांबतो. पण ज्याच्या हातून ती मोडली तो त्या भजनाकडे कोणत्या तोंडाने जाणार? घसरलेल्याला परत येऊन ‘घसरलो’ म्हणण्याची जागा तिथे सहज नव्हती.

पुढे लढाई झाली ती दुकानांशी. पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा 1880 साली महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला. 1908 साली टिळकांच्या पाठबळावर गुत्त्यांपुढे निरोधन झालं. मोठी कामं होती ती. गुत्त्यातून बाहेर पडलेल्या माणसाने त्या रात्री काय करायचं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो प्रश्न नाटककार गडकऱ्यांनी रंगभूमीवर आणला. ‘एकच प्याला’ 1919 साली गंधर्व नाटक मंडळींनी उभं केलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. वकील सुधाकराची सनद रद्द होते, तळीराम पहिला प्याला पुढे करतो. पुढे सुधाकर दारू सोडतोही, काम मागायला बाहेर पडतो, अपमान गिळून परततो आणि पुन्हा पितो. नाटकात आर्यमदिरामंडळ आहे, म्हणजे पिणाऱ्यांचं मंडळ आहे. सोडणाऱ्यांचं नाही. दळण दळून संसार ओढणाऱ्या त्याच्या बायकोला, सिंधूलाही तिच्यासारखीच दुसरी कोणी भेटत नाही. माझ्या मते या नाटकाची खरी शोकांतिका इथे आहे.

सोळा वर्षांनी, मे 1935मध्ये, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. पाच महिने दारू बंद, धंद्यातला व्यवहार फसलेला, समोर बार. त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत गेला. त्याला उपदेशक नको होता, आपल्यासारखाच एक दारुडा हवा होता. डॉ. बॉब स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर भेटले आणि सहा तास बसले. बॉबनी शेवटचा प्याला घेतला तो 10 जूनचा, आणि तोच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे एएचा, जन्मदिवस धरतात. त्याआधी 1840 साली बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी अशीच चळवळ काढली होती. ती हजारोंपर्यंत गेली आणि बाहेरच्या वादांत विरली. एएने नंतर नियमच केला: बाहेरच्या कुठल्याही प्रश्नावर मत नाही, फी नाही, पूर्ण नाव नाही. सभासद व्हायला पिणं थांबवण्याची इच्छा पुरे.

एए भारतात आली 1957 साली. तेव्हा मुंबईत दारूबंदी होती, परमिटशिवाय बाटली बाळगणं गुन्हा होता. त्या शहरात ‘मी दारुडा आहे’ असं मोठ्याने म्हणायला काय धैर्य लागलं असेल! मराठी घरांपर्यंत ही रीत पोचवण्यात पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचा वाटा मोठा. पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांतून, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी ते सुरू केलं. सुरुवात गर्दच्या व्यसनापासून झाली, मग दारूचे रुग्ण आले. तिथून बाहेर पडलेल्यांसाठी फॉलोअपच्या बैठका असतात आणि बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सिंधूच आठवली.

पुण्यात मी एएच्या एका खुल्या मीटिंगला बसलो आहे. शाळेचा वर्ग, मुलांचे बुटके बाक, फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. एकजण म्हणाला, “माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक.” सगळे म्हणाले, “नमस्कार.” तो सहा वर्षं सोबर होता, मागच्या महिन्यात स्लिप झाली, आज नववा दिवस. कोणी मान हलवून हळहळलं नाही. टाळ्या पडल्या आणि चहा फिरला. त्याच्या शेजारी एक नवा मुलगा होता. अर्धा तास फाटकाबाहेर फेऱ्या मारत होता म्हणून दोघांनी जाऊन आत आणलेला. उठताना त्याच नवव्या दिवसवाल्याने एका कागदावर पाच फोन नंबर लिहून त्या मुलाच्या खिशात घातले.

“पहिला पेग भरायच्या आधी लाव. कुठलाही लाव.”

“रात्री उशीर झाला तर?”

“घरी सांगून ठेवलंय. बायको उचलेल, मला उठवेल.”