बोलण्यानें बरें होणें

व्हिएन्ना शहरांतील एका सधन ज्यू कुटुंबांत १८८० च्या हिवाळ्यांत डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांना पाचारण करण्यांत आलें. घरांतील एकवीस वर्षांची मुलगी आजारी वडिलांच्या उशाशीं रात्रीमागून रात्र जागून काढीत होती; तें करतां करतां ती स्वतःच अंथरुणाला खिळली. उजवा हात लुळा पडला, दृष्टींत दोष उत्पन्न झाला, आणि पुढें तर मातृभाषा जर्मन असूनहि ती तिला बोलतां येईना. इंग्रजी मात्र अस्खलित येई. शरीर तपासावें तर कोठेंच व्यंग सांपडत नव्हतें. अशा रुग्णाला त्या काळीं 'हिस्टेरिया' हें नांव मिळे, आणि सहानुभूतीऐवजीं बहुधा संशय वांट्याला येई. ब्रॉयर यांचा मोठेपणा हा कीं, त्यांनीं संशय धरला नाहीं. ते तिच्या घरीं जाऊन बसत आणि ती काय बोलते तें ऐकत.

त्या आजारांतला एक प्रसंग पुढें फार प्रसिद्धीस आला. कडक उन्हाळा असतांहि मुलीला पाण्याचा पेला ओठांना लाववेना. सुमारें सहा आठवडे तिनें रसाळ फळांवर तहान भागविली. मग एके दिवशीं मोहनिद्रेंत असतांना ती आपल्या इंग्रज सोबतिणीविषयीं कुरकुर करूं लागली. त्या बाईच्या खोलींत ती एकदां गेली असतां बाईचा कुत्रा पेल्यांतून पाणी पीत होता. मुलीला शिसारी आली; परंतु शिष्टाचार आड आला आणि ती गप्प राहिली. तो गिळलेला संताप आतां तिनें बोलून टाकला, लगेच पाणी मागितलें आणि घटाघटा प्यायली. ती जागी झाली तेव्हां पेला ओठांशींच होता.

या उपचाराला नांव तिनेंच दिलें, आणि तेंहि इंग्रजींत: 'टॉकिंग क्यूअर', म्हणजे बोलण्याचा इलाज. थट्टेनें ती त्याला 'धुराडें झाडणें' असेंहि म्हणे. एका नव्या विद्येचें बारसें डॉक्टरानें नव्हे, तर रुग्णानें केलें, ही गोष्ट या विद्येच्या इतिहासकारांनाहि कित्येकदां विसर पडण्यासारखी वाटते!

ब्रॉयर आणि त्यांचे तरुण मित्र झिग्मुंड फ्रॉइड यांनीं १८९५ सालीं हिस्टेरियावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ही मुलगी 'आना ओ.' या टोपणनांवानें वावरते. तिला पूर्ववत् तोल येण्यास बराच अवधि लागला, असें ब्रॉयर यांनीं एका वाक्यांत नमूद केलें आहे. पण वाचकांच्या लक्षांत राहिला तो पाण्याचा पेला. पुढें १९७२ सालीं आंरी एलेनबर्गर या इतिहासकारानें जुने कागद धुंडाळून त्या एका वाक्यामागें काय होतें तें उजेडांत आणलें. ब्रॉयर यांचा उपचार १८८२ च्या जूनमध्यें संपला, आणि पुढच्याच महिन्यांत ती मुलगी स्वित्झर्लंडमधील क्रॉइत्सलिंगन येथील आरोग्यगृहांत दाखल झाली होती. वेदनांसाठीं दिलेलें मॉर्फिन तिला सुटत नव्हतें. ज्या रुग्णाच्या बरें होण्यावर एवढी इमारत उभी राहिली, ती रुग्ण त्या वेळीं बरी झालेलीच नव्हती.

मग ती बरी झाली कशानें? तिचें खरें नांव बेर्था पापेनहाइम. १८८८ सालीं ती आईसह फ्रांकफुर्ट येथें राहावयास गेली, आणि अनाथ मुलींच्या आश्रमाचें काम तिनें अंगावर घेतलें. मेरी वुलस्टनक्राफ्ट हिचा स्त्रियांच्या हक्कांवरील ग्रंथ तिनें जर्मन भाषेंत आणला. १९०४ सालीं तिनें जर्मनींतील ज्यू स्त्रियांची संघटना स्थापिली, मुलींच्या विक्रीविरुद्ध ती जन्मभर झगडली, आणि १९३६ सालीं वारली. १९५४ सालीं पश्चिम जर्मनीनें तिचें चित्र टपालाच्या तिकिटावर छापलें, तें या समाजकार्यासाठीं. आपल्या आजाराविषयीं ती कधींहि बोलली नाहीं. आश्रमांतील मुलींवर मनोविश्लेषणाचा प्रयोग करण्याची सूचना कोणी केली, तर ती साफ नाकारी. बोलण्याच्या इलाजाला नांव देणारी बाई त्या इलाजाविषयीं मौन पाळते, याचा अर्थ प्रत्येकानें आपापल्या परीनें लावला आहे. मला त्यांत राग दिसतो. पण हा केवळ माझा तर्क.

फ्रॉइड यांनीं मोहनिद्रा सोडून दिली. रुग्णानें कोचावर पडावें, मनांत येईल तें न गाळतां सांगावें, आणि डॉक्टरानें त्याच्या नजरेआड बसून ऐकावें, ही त्यांची रीत. आठवड्यांतून पांच-सहा दिवस, महिनोन्‌महिने हें चाले. तिचा खर्च व वेळ पाहतां ती सधनांचीच राहिली यांत नवल नाहीं.

आपल्या देशांत ही विद्या आली ती कलकत्त्यास. डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनीं दमनाच्या कल्पनेवरील आपला प्रबंध १९२१ सालीं फ्रॉइड यांना पाठविला, आणि दुसऱ्याच वर्षीं पारसीबागान गल्लींतील आपल्या घरीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांची गांठ कधीं पडली नाहीं. पत्रव्यवहार मात्र १९३७ पर्यंत चालला. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीस या संस्थेनें विष्णूची हस्तिदंती मूर्ति धाडली व ती त्यांनीं आपल्या टेबलावर ठेविली. पण बोस हे केवळ भक्त नव्हते. पुरुष रुग्णांच्या मनांतील ज्या भयाला फ्रॉइड इतकें महत्त्व देत, तें आपल्या भारतीय रुग्णांत युरोपियनांइतकें ठळकपणें आढळत नाहीं, असें त्यांनीं गुरुस्थानीं असलेल्या माणसाला स्पष्ट लिहून कळविलें. गुरूचें मत बदललें नाहीं.

दरम्यान अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं बोलण्यावांचूनच एक भीति घालविली होती. पीटर नांवाचा तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असतांना पिंजऱ्यांतला ससा खोलींत ठेवावयाचा, आणि दररोज थोडा थोडा जवळ आणावयाचा. अखेर मुलगा सशाला गोंजारूं लागला. ही हकीकत १९२४ सालीं छापली गेली. परंतु तिचें चीज व्हावयास तीस-पस्तीस वर्षें लागलीं. दक्षिण आफ्रिकेंतील जोसेफ वोल्पे यांनीं १९५८ च्या आपल्या ग्रंथांत, भीतीच्या पायऱ्या पाडून शिथिल शरीरानें त्या एकेक चढण्याची पद्धत मांडली, तेव्हां 'वर्तनोपचार' ही शाखा दृढ झाली. बाळपण उकरून काढण्याचें तिला कारणच नव्हतें.

कार्ल रॉजर्स यांचें वळण निराळें. १९४२ च्या ग्रंथांत त्यांनीं 'रुग्ण' हा शब्दच टाकून दिला, आणि वकिलाकडे जाणाऱ्याला आपण 'अशील' म्हणतों तसा शब्द घेतला. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, त्यांनीं मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि एक संपूर्ण उपचार शब्दशः छापला. तोंवर बंद दाराआड काय घडलें हें डॉक्टर सांगेल तेंच खरें होतें; ब्रॉयर यांच्या एका वाक्याची कथा आपण ऐकलीच. आतां तिऱ्हाइताला कान लावतां येऊं लागला. रॉजर्स फारसा सल्ला देत नसत. समोरच्याचें बोलणें त्यालाच अधिक स्पष्ट करून परत देत. (आकाशवाणीवरून बोलणाऱ्याला याचा हेवा वाटावा. त्याला ऐकणारे असतात, पण ऐकावयाला कोणीच नसतें.)

कान लागला तसा हिशेबहि मागितला जाऊं लागला. लंडनचे हान्स आयझेंक यांनीं १९५२ सालीं आंकडे मांडले: मनोविश्लेषणानें सुधारलेले शेंकडा ४४, मिश्र पद्धतींनीं ६४, आणि केवळ साध्या डॉक्टरी देखभालीवर राहिलेले ७२! या गणितांतील दोष पुढें पुष्कळांनीं दाखविले, आणि ते खरेच होते. निरनिराळ्या प्रकारच्या रुग्णांची ती तुलना होती. पण प्रश्न योग्य होता. मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनीं १९७७ सालीं ३७५ अभ्यास एकत्र करून उत्तर दिलें: उपचार घेतलेला सरासरी मनुष्य न घेतलेल्या शंभरांपैकीं पंचाहत्तरांहून बरा असतो, आणि पद्धतींपद्धतींतील अंतर त्यांच्या पुरस्कर्त्यांनीं सांगितलें त्याच्या मानानें अगदींच थोडें.

फिलाडेल्फियाचे आरन बेक हे मुळांत मनोविश्लेषक. विषण्ण रुग्णांच्या मनांत 'मी निरुपयोगी आहें' अशीं वाक्यें आपोआप उमटत असतात, हें त्यांना दिसलें. तीं वाक्यें पुराव्यानिशीं तपासावयास लावणें हा त्यांचा बोधात्मक उपचार. न्यूयॉर्कच्या ॲल्बर्ट एलिस यांनीं त्याहिपूर्वीं, १९५५ च्या सुमारास, अशाच मार्गानें सुरुवात केली होती. त्यांची 'विवेकनिष्ठ' पद्धत मराठी वाचकांना चांगली परिचयाची आहे. मुंबईंत केईएम रुग्णालयांतील डॉक्टर एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ सालीं पातंजल योगाच्या आधारें मनोविकारांवरील उपचार इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत मांडले.

एवढ्या शाखा झाल्या, तरी त्यांच्यापर्यंत पोंचण्याची ऐपत असणारे थोडेच. गोव्यांतील 'संगाथ' या संस्थेनें याच अडचणीला हात घातला. तेथील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत २०१३ ते २०१५ या काळांत तीव्र विषण्णतेचे ४९५ रुग्ण निवडून त्यांचे दोन गट केले. एका गटाला नेहमींचे उपचार. दुसऱ्याला त्यांच्या जोडीस सहा ते आठ भेटी. भेटणारे डॉक्टर नव्हते किंवा मानसशास्त्रज्ञहि नव्हते. स्थानिक, शिक्षित माणसें होतीं, त्यांना कांहीं आठवडे शिकविलें होतें. सोडून दिलेलीं रोजचीं कामें एकेक करून पुन्हा हातीं घ्यावयास लावणें, हा त्यांच्या उपचाराचा गाभा. तीन महिन्यांनीं पहिल्या गटांतील शेंकडा ३९ जणांची विषण्णता ओसरली होती; दुसऱ्या गटांत ६४ जणांची. गेलेले आणि न गेलेले, दोन्ही आंकडे या वेळीं छापले गेले.