नेटवर्कवरील साठवण : यजमान संगणकाची ओळख कशी तपासावी?

सिल्लोड तालुक्यातील गोळेगाव किंवा घाटनांद्रा येथील शेतकऱ्याचा सातबारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. त्या दप्तराची किल्ली कोणाकडे आहे, हे गावाला ठाऊक असे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. उतारा पडद्यावर आला. दप्तर मात्र नजरेआड झाले. शासकीय नोंदी असोत, पतसंस्थेची खाती असोत वा रुग्णालयाची कागदपत्रे, मोठ्या संग्रहांसाठी बहुधा सर्व्हर वेगळे आणि माहितीच्या चकत्यांची यंत्रणा वेगळी ठेवली जाते. दोहोंना नेटवर्क जोडते. मग मागणी करणारा सर्व्हर खरोखर तोच आहे, हे त्या यंत्रणेने कसे ओळखावे?

नाव आणि ओळख

चकत्या वापरणाऱ्या सर्व्हरला येथे 'यजमान' म्हणतात. साध्या नेटवर्कवरून चकत्या वापरण्याची 'आयस्कझी' ही पद्धत आयईटीएफ या संस्थेने एप्रिल २००४ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. या पद्धतीत प्रत्येक यजमानाला एक लांबलचक नाव असते. त्यात वर्ष, महिना आणि संस्थेचे उलट क्रमाने लिहिलेले संकेतस्थळ-नाव येते. परंतु नाव म्हणजे ओळख नव्हे. संगणकाचा ताबा असलेला कोणीही हे नाव बदलून दुसऱ्याचे धारण करू शकतो. केवळ नावावर दार उघडणारी यंत्रणा म्हणजे पाटी वाचून किल्ली देणारा पहारेकरी होय.

आव्हान आणि उत्तर

यावरील प्रचलित उपाय म्हणजे 'चॅप'. १९९६ मध्ये त्याचे मानक सध्याच्या रूपात आले. साठवण यंत्रणा यजमानाला दर वेळी नवे, यादृच्छिक आव्हान पाठवते. यजमान त्यात आपली गुप्त खूण मिसळून गणिती उत्तर काढतो. यंत्रणाही तेच गणित करते आणि उत्तरे जुळली तरच प्रवेश देते. गुप्त खूण तारेवरून कधीच जात नाही. यजमानानेही यंत्रणेची अशीच परीक्षा घेतली, तर ती दुहेरी तपासणी ठरते. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या खुणा वेगळ्या असाव्या लागतात.

सेटिंग पाहताना

व्यवस्थापकाने यंत्रणेच्या नियंत्रण पडद्यावर यजमानांची यादी उघडून पुढील बाबी पाहाव्यात :

* प्रत्येक नावामागे आज चालू असलेला सर्व्हर आहे काय? बाद झालेल्या सर्व्हरचे नाव यादीत राहणे म्हणजे दार किलकिले ठेवणे.
* तपासणीची पद्धत कोणती? 'काहीही नाही' आणि 'चॅप' यांतील फरक एका शब्दाचा असला, तरी परिणाम फार मोठा आहे.
* तपासणी एकेरी आहे की दुहेरी?
* स्वतंत्र नोंद नसलेल्या यजमानाला कोणता सर्वसाधारण नियम लागतो? तो ढिला असेल, तर बाकीची काळजी व्यर्थ ठरते.
* गुप्त खूण पुरेशी लांब आहे काय? मानकानुसार ती किमान ९६ बिटांची, म्हणजे १२ अक्षरांची, असावी.

काही यंत्रणा ही खूण लपवतात, तर काही ती प्रशासकाला उघडी दाखवतात. लिनक्समध्ये ती साध्या मजकूर-फाइलमध्ये असते. म्हणून पडद्याचे छायाचित्र दुरुस्ती कंपनीला पाठविण्यापूर्वी ते नीट पाहावे.

फसवी शांतता

ही तपासणी जोडणी होताना होते. त्यामुळे एका बाजूची खूण बदलली तरी चालू जोडणी तशीच राहते आणि सारे आलबेल वाटते. मग एखाद्या रात्री वीज जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि चकत्या सापडत नाहीत. यासाठी सेटिंगबरोबर चालू जोडण्यांची यादीही पाहावी आणि बदलानंतर ठरवून एकदा जोडणी तोडून पुन्हा जोडावी.

चॅपची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ते दारावरची ओळख पटवते. तारेवरून वाहणारी माहिती झाकत नाही. त्यासाठी साठवणीचे नेटवर्क कार्यालयाच्या इतर नेटवर्कपासून वेगळे ठेवणे किंवा वाहतूक सांकेतिक करणे आवश्यक ठरते. दप्तर कुठेही असो, किल्ल्यांचा हिशेब कोणीतरी ठेवावाच लागतो.