चार मीटरच्या आतली चुरस

मारुतीची ब्रेझा घ्यावी की टाटाची नेक्सॉन, या प्रश्नावर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जेवणं लांबली असतील. या प्रश्नाचं मूळ 2006च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आहे. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर 1500 सीसीपर्यंत, अशा गाड्यांवरचं उत्पादन शुल्क तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं. सवलत छोट्या गाड्यांसाठी होती. कंपन्यांनी मात्र त्याच मापात उंच, रांगडी गाडी बसवायला घेतली.

पहिले प्रयत्न महाराष्ट्रातलेच. 2009 मध्ये चिंचवडच्या प्रीमियरने चिनी बनावटीवर बेतलेली रिओ आणली. 2012 मध्ये महिंद्राने झायलो मागून आखूड करून क्वांटो काढली आणि डिकीत दोन आडव्या सीटही बसवल्या. दोन्ही फारशा चालल्या नाहीत. क्वांटोकडे पाहिलं की ती कापलेली आहे हे लगेच कळे.

जून 2013 मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली. लांबी 3999 मिलिमीटर, मागच्या दारावर स्टेपनी आणि सुरुवातीची किंमत 5 लाख 59 हजार. लोक तिची तुलना वर्षभर आधी आलेल्या रेनॉच्या डस्टरशी करू लागले. डस्टर सव्वाचार मीटरहून लांब, म्हणजे करही जास्त. तरीही एकाच घराच्या यादीत दोन्ही नावं असायची, कारण गिऱ्हाइकाला हवी होती उंची आणि खड्ड्यांना न घाबरणारी चाकं.

मार्च 2016 मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा आली, फक्त डिझेलमध्ये. शोरूममध्ये गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती? दुसरा सर्व्हिस सेंटरचा, तिसरा विकताना किती येतील याचा. या तिन्ही प्रश्नांवर मारुतीला हरवणं कठीण होतं. सप्टेंबर 2017 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटाची नेक्सॉन समोर उभी राहिली, तेव्हाही पारडं ब्रेझाकडेच झुकलेलं होतं.

ते हललं 2018 मध्ये. ग्लोबल एनकॅप ही संस्था ताशी 64 किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळून आतल्या पुतळ्यांना किती मार लागतो ते मोजते. 2014 मध्ये तिने आपल्याकडच्या काही खपाऊ गाड्यांच्या बिनएअरबॅगच्या मॉडेलांना शून्य तारे दिले होते. ऑगस्ट 2018 मध्ये नेक्सॉनला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, ऑक्टोबरमध्ये ब्रेझालाही चार. मग टाटाने गाडीत सुधारणा करून ती पुन्हा चाचणीला पाठवली आणि डिसेंबरमध्ये पाच तारे मिळवले. भारतात बनलेल्या गाडीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. गाडीखरेदीच्या आपल्या इतिहासात या डिसेंबरइतकं मोलाचं दुसरं काही घडलेलं नाही. मुलांना मागे बसवून घाट उतरणारे आईबाप आता शोरूममध्ये ॲव्हरेजबरोबर ताऱ्यांचीही चौकशी करू लागले.

2020 मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले आणि मारुतीने डिझेल सोडलं. ब्रेझात 1462 सीसीचं पेट्रोल इंजिन आलं. लांबी मर्यादेत, इंजिन मर्यादेबाहेर, त्यामुळे कराची सवलत गेली. सप्टेंबर 2025 मध्ये उत्पादन शुल्काच्या जागी आलेल्या जीएसटीचे दर बदलले, तरी 2006ची रेघ तशीच राहिली: 1199 सीसीच्या पेट्रोल नेक्सॉनवर 18 टक्के, ब्रेझावर 40.